जेटचं भोक, मनमाडचं पेट्रोल

नाशकात जुनी टू-स्ट्रोक गाडी मिस्त्रीपुढे उभी केली की पूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ऑईल किती टाकता?" अलीकडे तो बदललाय. आता मिस्त्री विचारतो, "पेट्रोल कुठलं टाकता?" समोरची यामाहा आरएक्स हंड्रेड तीच, १९९० च्या आसपासची. उत्तर ऐकून तो कार्बोरेटरची फ्लोटची वाटी उतरवतो, आतलं पेट्रोल तळहातावर ओतून वास घेतो आणि पितळेचा एक बारका तुकडा सोडवून उजेडाकडे धरतो. हा मेन जेट. करंगळीच्या नखाएवढा, मधोमध आरपार भोक, कडेला ठोकलेला एक आकडा. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून गाडी पळते तेव्हा इंजिनाला मिळणारं जवळजवळ सगळं पेट्रोल या एका भोकातून येतं.

हे भोक केवढं असावं हा प्रश्न इंजिनाचा, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की तो निम्मा पेट्रोलचा आहे. जेटवरचा आकडा म्हणजे पेट्रोलचा सातबारा. टाकीत कधी काय शिरलं आणि कधी काय काढून घेतलं याच्या नोंदी त्यावर चढत गेल्या आहेत. त्यातल्या दोन ठळक नोंदी नाशिक जिल्ह्यातच, मनमाडला झाल्या आहेत.

भोकातून पेट्रोल वर ओढायची युक्ती १८९३ ची. त्याआधीचे कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ गोळा करायची भांडी होती. गारठ्यात ती काम करायची नाहीत आणि रस्त्यावर हेलकावली की बिघडायची. बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये फवाऱ्याच्या कार्बोरेटरचं पेटंट मागितलं. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, जर्मनीत विल्हेल्म मायबाखही तिथेच पोचला. तत्त्व जुनंच होतं. नळी मध्येच आवळली की तिथली हवा वेग घेते आणि तिचा दाब उतरतो. हे बर्नुलीच्या १७३८ च्या आणि व्हेंतुरीच्या १७९७ च्या ग्रंथांत येऊन गेलेलं. दाब उतरला की वाटीतलं पेट्रोल वर चढतं, आणि किती चढायचं ते भोक ठरवतं. पुढच्या शंभर वर्षांत स्लाइड आल्या, निमुळत्या सुया आल्या, सावकाश चालीसाठी वेगळा पायलट जेट आला. मूळ कारभार मात्र भोकाकडेच राहिला.

टू-स्ट्रोक इंजिन त्याच काळातलं. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे यानं १८९१ च्या सुमाराला असं इंजिन बांधलं की ज्यात हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये येतं आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण वर सिलिंडरमध्ये ढकलतो. सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, सुटे भाग मोजके. पण क्रँककेस हवा-पेट्रोलच्या रस्त्यात आल्यामुळे तिथे तेल साठवायची सोय संपली. तेल पेट्रोलातच मिसळावं लागलं, आणि जेटच्या भोकातून इंधन व वंगण दोन्ही एकाच धारेनं यायला लागलं.

टू-स्ट्रोकची सगळी भानगड इथे आहे. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, तर गाडी अडखळते, तापते, फार तर वेळेआधी हेड उतरवावं लागतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं, शिवाय पिस्टनला गार ठेवणारा ओलावाही घटतो. पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि अडकतो. गॅरेजच्या भाषेत 'सीझ झाली'. चालत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी थांबतं. आरएक्स पळवणारे जुने लोक डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर ठेवतात ती उगाच नाही.

आता जेटवरच्या आकड्याचं. त्यात एक घोळ आहे आणि तो नाशकातल्या गॅरेजांपर्यंत आलेला आहे. इंग्लंडमध्ये १९२७ साली कार्बोरेटर बनवणाऱ्या तीन कंपन्या एकत्र येऊन अमल झाली. अमलच्या जेटवरचा आकडा प्रवाहाचा, मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहतं त्याचा. इटलीच्या देल्लोर्तोच्या जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. जपानच्या मिकुनीनं १९६० मध्ये अमलचा परवाना घेतला, त्यामुळे मिकुनीचे षट्कोनी मेन जेट प्रवाहाच्या बाजूचे. ऐकायला ही कारखान्यांची आपापसातली बाब वाटते. पण देल्लोर्तोच्या पद्धतीत १०० चा जेट काढून १०५ चा लावला तर व्यास पाच टक्क्यांनी आणि भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. प्रवाहाच्या पद्धतीत हाच बदल पाच टक्क्यांचा. देल्लोर्तोच्या पद्धतीच्या चेतकवर हात बसलेला मिस्त्री मिकुनीवाल्या आरएक्सकडे वळला तेव्हा त्याच्या बोटांना जी सवय होती ती निम्म्यानं चुकीची ठरली. त्यात बाजारात मिळणाऱ्या डुप्लिकेट जेटवर ठोकलेला आकडा आतल्या भोकाशी जुळेलच याची हमी नाही. म्हणून शहाणे मिस्त्री आकडा वाचतात, पण विश्वास उजेडाकडे धरून पाहण्यावर ठेवतात.

हे जेट इथे आले कुठल्या गाड्यांतून? घराणी मोजकी. बजाजनं पियाजियोच्या परवान्यानं आकुर्डीत व्हेस्पा बनवली, परवाना संपल्यावर १९७२ मध्ये तिची चेतक झाली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया त्याच कुळातली. दोघींत देल्लोर्तोच्याच नमुन्यावर देशात बनलेला स्पॅको कार्बोरेटर. म्हैसूरची आयडियल जावा चेकोस्लोव्हाकियातून आली, तिच्यासोबत यिकोव्ह कार्बोरेटर. १९७३ पासून नाव येझदी. एस्कॉर्ट्सची राजदूत मुळात पोलंडच्या एसएचएलची आवृत्ती, पण निफाड-दिंडोरीच्या मळ्यात, दुधाच्या कॅनांखाली ती इतकी रुळली की परकी कुणाला वाटली नाही. १९८३ मध्ये राजदूत ३५० आली, यामाहाची आरडी; तिला दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, म्हणजे दोन्ही जेट सारखे ठेवायची डोकेदुखी. आणि १९८५ मध्ये आरएक्स हंड्रेड, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोंच्या आसपास. यामाहाची अगदी पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ वरून घेतलेली होती. म्हणजे कॉलेज रोडवर ज्या गाडीसाठी मुलं वेडी झाली तिचं मूळ गाव सॅक्सनीत.

डीकेडब्ल्यूच्याच जागी युद्धानंतर पूर्व जर्मनीत एमझेड उभी राहिली. तिथल्या वाल्टर काडेननं सायलेन्सरला पोट आणि निमुळता शेवट देऊन असा आकार शोधला की बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण दाबाच्या लाटेनं पुन्हा सिलिंडरमध्ये ढकललं जावं. १९६१ मध्ये त्याचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेला गेला, आणि ही विद्या सुझुकीकडे पोचली. पुढच्याच वर्षी सुझुकी ५० सीसीची जगज्जेती. आज नाशकात आरएक्सला 'पाइप' बसवून घेणारी मुलं काडेनचीच वारसदार, फक्त बहुतेक जण पाइप बसवतात आणि जेटला हात लावत नाहीत. इंजिनात हवा जास्त जायला लागते, पेट्रोल पूर्वीइतकंच. आवाज मस्त येतो, आणि थोड्या दिवसांनी गाडी सीझ होऊन हातगाडीवरून परत येते.

इतर देशांत जेट बदलायचा तो ताकदीसाठी. आपल्याकडे 'ॲव्हरेज'साठी. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल असं कडाडलं की गाडीवाल्याचं पहिलं मागणं एकच, कार्बोरेटर बारीक करून द्या. बारीक करायच्या दोन तऱ्हा होत्या. एक, जेटचं भोक कथिलानं बुजवून पुन्हा बारीक पाडायचं. दुसरी सोपी, केबलची एखादी बारकी तार जेटमध्ये सरकवून तिचं टोक वळवून ठेवायचं. हिशेब करून पाहा. १ मिलिमीटर व्यासाच्या भोकात ०.३ मिलिमीटरची तार घातली तर नऊ टक्के भोक बुजतं. म्हणजे कारखान्यानं हिशेबानं दिलेल्या पेट्रोलातलं नऊ टक्के एका तारेनं कापलं. ॲव्हरेज वाढतं, हे खरं. प्लग पांढराफटक पडतो, पिस्टनच्या डोक्याला फोड येतात, हेही खरं. सीझ झाल्यावर रीबोअर, नवा ओव्हरसाइज पिस्टन आणि मजुरी, यात वाचवलेलं पेट्रोल व्याजासकट परत जातं. तरी तार घालणारे घालतच राहिले, कारण पेट्रोलचा खर्च रोज खिशातून जातो आणि रीबोअरचा कधीतरी.

हे सगळं चाललं होतं ते शहर भोकांच्या बाबतीत अडाणी नव्हतं, ही यातली गंमत. १९७० च्या सुमाराला सातपूरला मायकोचा कारखाना उभा राहिला. तिथे डिझेल इंजिनाचे नॉझल बनतात, ज्यांची भोकं मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास आणि चूक चालते ती मायक्रॉनमध्ये. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, चौकाचं मात्र मायको सर्कलच राहिलं. सकाळच्या पाळीत मायक्रॉन मोजणारा कामगार संध्याकाळी स्कूटर घेऊन मिस्त्रीकडे जायचा आणि मिस्त्री त्याच्या जेटमध्ये तार सरकवायचा, असं नक्कीच घडलं असणार. मला त्यात विसंगती वाटत नाही. एकाकडे मोजायचं यंत्र होतं, दुसऱ्याकडे गिऱ्हाईकाची ओढाताण.

तेलाची हकिगत वेगळी आणि थोडी फसवी. जुन्या जावा-राजदूतला लिटरमागे ४० मिलीच्या आसपास तेल लागायचं, म्हणजे पंचवीसास एक. तेलं सुधारली तसं ते २० मिलीवर, पन्नासास एकवर आलं. पंपावर टूटी ऑईलचा हाताने ओढायचा उभा काचेचा नळा असायचा, आणि पेट्रोल भरणारा पोरगा दांडा किती ओढतो यावर गाडीवाल्याची नजर. यात एक समज घट्ट बसलेला आहे की तेल थोडं जास्त टाकलेलं बरं, इंजिनाला जपेल. प्रत्यक्षात जेटचं भोक तेवढंच, त्यातून जाणारा द्रव तेवढाच. त्यात तेलाचा वाटा वाढवला की पेट्रोलचा वाटा कमी होतो आणि मिश्रण पातळ होतं. वीस मिलीचे चाळीस केले तर फरक दोनच टक्क्यांचा, पण तो उलट्या दिशेनं. तार घातलेल्या जेटमध्ये जादा तेल टाकणारा माणूस दोन्हीकडून पातळ करत असतो आणि समजतो की आपण काळजी घेतोय.

यामाहानं १९६४ मध्ये ऑटोल्यूब आणून ही कटकट काढून टाकली होती. तेलाची वेगळी टाकी आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला जोडलेला छोटा पंप, पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढं तेल देणारा. आरएक्स हंड्रेडला तो आहे. तरी 'पंपाचा भरवसा नाही' म्हणत तो काढून टाकीतच तेल मिसळणारे कितीतरी. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा. पंपाची केबल सैल असेल तर ती ओढून घ्या, पंप फेकू नका.

शर्यतीवाले पूर्वी एरंडेल वापरायचे. चार्ल्स वेकफील्डच्या कंपनीनं १९०९ मध्ये कॅस्ट्रॉल हे नाव काढलं ते एरंडाच्या तेलावरून. एरंडेल गरमीत टिकतं पण डिंकासारखं चिकटतं, म्हणून रोजच्या गाड्यांतून ते गेलं. त्याचा आणखी एक गुण असा की ते अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि खनिज तेल तसं विरघळत नाही. हा गुण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हवेचं थोडक्यात. मुंबईहून नाशकाला येताना कसारा घाट चढून आपण समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर वर येतो. हवा सहा टक्क्यांनी विरळ होते, आणि मिश्रणावर त्याचा परिणाम साधारण निम्मा, तीन टक्के. मुंबईत लावलेली गाडी इथे किंचित धूर जास्त सोडते, बाकी काही नाही. घाटाचा मोठा बाऊ करणाऱ्यांना मी निफाडकडे बोट दाखवतो. निफाडला जानेवारीच्या पहाटे पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो आणि मे महिन्याच्या दुपारी ४० ला टेकतो. या दोन टोकांत हवेच्या घनतेत तेरा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, घाटाच्या दुप्पट. थंडीत हवा दाट, म्हणून मिश्रण पातळ. द्राक्षबागेत पहाटे पाण्याची पाळी असलेला शेतकरी चोक ओढून निघतो आणि अर्ध्या वाटेवर दाबायला विसरतो, ते इंजिनाच्या भल्याचंच ठरत असेल.

आणि आता पेट्रोल.

ऐंशीच्या दशकातलं आपलं पेट्रोल शिसं घातलेलं होतं. अमेरिकेत १९२१ मध्ये थॉमस मिज्लीला टेट्राएथिल लेड सापडलं, आणि इंजिनाची ठोक थांबवायला जगानं पेट्रोलात ते मिसळलं. फोर-स्ट्रोक इंजिनात शिशाचा आणखी एक उपयोग, व्हॉल्व्हच्या बैठकीला ते जपायचं. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नाहीत. तिच्या वाट्याला शिशाचा फक्त राडा आला. प्लगच्या दोन टोकांत राखेचा पूल बांधला जायचा, ठिणगी पडायची नाही, आणि माणूस रस्त्याकडेला उतरून पॉलिश पेपरनं प्लग घासायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं तेव्हा जुन्या गाड्या मरतील अशी आवई उठली होती. टू-स्ट्रोकवाल्यांच्या बाबतीत झालं उलटंच, प्लग जास्त टिकायला लागले. गाड्या मेल्या त्या धुराच्या नियमांनी. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा पाव ते एक तृतीयांश भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. त्यावर इलाज महाग होता. आरएक्स हंड्रेड १९९६ ला बंद झाली, तिची धाकटी बहीण आरएक्स १३५ २००५ ला.

शिसं सरकारनं घातलं आणि सरकारनंच काढलं. रॉकेलचं तसं नव्हतं. रेशनच्या निळ्या रॉकेलचा भाव आणि पंपावरच्या पेट्रोलचा भाव यांत कित्येक पटींचं अंतर होतं, तोवर रॉकेल पेट्रोलात शिरणार हे उघड होतं. टू-स्ट्रोक रिक्षावाल्यांपैकी काही जण स्वतः जाणूनबुजून मिसळायचे. बाकीच्यांना न कळत मिळायचं. रॉकेलचं ऑक्टेन पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही. चढावर इंजिन खडखडतं, पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर चढतो, सायलेन्सर बुजतो. मिस्त्री तळहातावर पेट्रोल ओतून वास घेतो ती सवय याच काळातली. चांगलं पेट्रोल हातावरून पटकन उडतं आणि गार लागतं. रॉकेल असेल तर तेलकट ओल मागे राहते.

मनमाड हे या सगळ्याचं मोठं नाकं. मुंबईत माहुलच्या रिफायनरीतून पाइपलाइन मनमाडला येते, जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, आणि तिथून टँकर उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा आणि त्यापलीकडे जातात. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीजवळच्या एका ढाब्यामागे भेसळीचा संशय आला, त्यांनी गाडी थांबवून जागेवरच पाहणी सुरू केली. तिथल्या टोळीनं त्यांना जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी निषेधार्थ काम बंद ठेवलं, छाप्यांचं सत्र झालं. त्या दिवसांत नाशकातल्या गॅरेजांत जेट, प्लग, ऑईल हे विषय मागे पडले होते. ज्या वासावर रोज चेष्टा चालायची त्या वासामागे काय पैसा आणि काय माणसं होती हे सगळ्यांना एकदम दिसलं. पुढे रेशनचं रॉकेलच आटत गेलं, भेसळीतला नफा गेला, आणि टाकीतला तो वास हळूहळू कमी झाला.

दुसरी नोंद याच गावची, दहा वर्षं आधीची, आणि तेव्हा कुणाच्या फारशी लक्षातही न आलेली. २००१ मध्ये केंद्र सरकारनं पेट्रोलात पाच टक्के एथेनॉल मिसळायचा प्रयोग तीन ठिकाणी सुरू केला. दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. कल्पना नवी नव्हती, १९४८ चा पॉवर अल्कोहोल कायदा याच कामासाठी होता. साखरेच्या पट्ट्यात मळी होती, मळीतून अल्कोहोल होतं, आणि मनमाडला डेपो होता. १ जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सक्तीचं झालं, दुष्काळात मळी कमी पडली तशी सक्ती सैल झाली, २००६ मध्ये पुन्हा आली. म्हणजे कितीतरी वर्षं एकाच पंपावर कधी एथेनॉल असायचं, कधी नसायचं.

जेटच्या दृष्टीनं याचा अर्थ सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो एथेनॉलला ९ किलोच. एथेनॉल स्वतःच प्राणवायू घेऊन येतं. त्यामुळे हवा तेवढीच असताना एथेनॉलमिश्रित पेट्रोल जास्त लागतं. पाच टक्के मिश्रणाला पावणेदोन टक्के जास्त. कुणाला जाणवलंच नाही. दहा टक्के मिश्रणाला साडेतीन टक्के. थंडीत थोडं जाणवायचं. दहा टक्क्यांची पायरी देशानं जून २०२२ मध्ये गाठली. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल बाजारात आलं आणि दोन-अडीच वर्षांत सगळीकडे तेच झालं. वीस टक्क्यांना सात टक्के जास्त इंधन लागतं. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आहे. धुरातला प्राणवायू मोजून संगणक स्वतः जास्त पेट्रोल सोडतो. आरएक्सच्या जेटला यातलं काही कळत नाही. तो १९९० च्या पेट्रोलसाठी पाडलेल्या भोकातून तेवढंच देतो. निफाडच्या थंडीनं मिश्रण जितकं पातळ व्हायचं, तितकंच आता बाराही महिने होतं. आणि आधीची तार अजून जेटमध्येच असेल तर सात आणि नऊ सोळा.

तरी एथेनॉलला शिव्या घालणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. त्याचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा चांगलं, वाफ होताना ते इंजिनाला गारही करतं. रॉकेलचा वास सोसलेल्या इंजिनाला हे पेट्रोल पाहुणचारच वाटेल. जेट एका आकड्यानं वाढवला, देल्लोर्तोच्या पद्धतीत १०० चा १०३-१०४ आणि प्रवाहाच्या पद्धतीत १०० चा १०७ च्या जवळचा, की पातळपणाची तक्रार मिटते. ॲव्हरेज थोडं उतरतं, ते उतरणारच होतं. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल शोधत फिरणाऱ्या आरएक्सवाल्यांना मी सांगतो की तुमच्या इंजिनाला एवढं ऑक्टेन लागतच नाही. त्यातून ताकद मिळत नाही, मनाचं समाधान मिळतं.

खरी भीती पाण्याची आहे. एथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते सामावून घेतं, मर्यादा ओलांडली की एथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. इगतपुरीच्या पावसात महिनाभर उभ्या राहिलेल्या, झाकणाचं रबर फाटलेल्या राजदूतच्या टाकीत हे सहज होतं. पेट्रोलचा कॉक तळाशी असतो, म्हणून इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या थराचा. आता मघाचा एरंडेलाचा गुण आठवा. आजची टूटी तेलं एरंडाची नाहीत. ती वरच्या पेट्रोलबरोबर राहतात, खालच्या थरात जवळजवळ जातच नाहीत. म्हणजे किक मारल्यावर इंजिनात जे शिरतं त्यात वंगण नसतं. चार महिने पावसात उभी गाडी काढताना आधी कॉक उघडून खालचं पेट्रोल बाटलीत घ्यायचं, बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवून पाहायची, थर दिसला तर टाकी रिकामी करायची. जुने वॉशर, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, कॉकमधली रबरं फुगलेली असतात, तीही बदलायची. ही कामं कंटाळवाणी आहेत आणि यांची कुणी रील बनवत नाही, पण सीझ यांच्यामुळेच टळते.

गेल्या दोन-तीन वर्षांत एथेनॉलला मळी आणि उसाचा रस पुरेनासा झाला तसा मका पुढे आला. येवला, मालेगाव, चांदवडकडे मका भरपूर. कारखान्यांची मागणी वाढल्यावर बाजार समितीत त्याचा भाव चढला, आणि मका विकून आलेला एखादा शेतकरी त्याच फेरीत जुनी आरएक्स मिस्त्रीकडे टाकतो. भावाबद्दल खूश असतो, गाडीबद्दल वैतागलेला. "पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळतात हो हल्ली, पूर्वीसारखी ओढत नाही," म्हणतो. मिस्त्री मान डोलावतो, जेटमधली तार चिमट्यानं ओढून काढतो आणि एक आकडा वरचा जेट बसवतो.